म्हणे बुद्ध संसारी माणसाच्या कामाचा नाही!

सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. सार असं: बुद्ध बायकोमुलाला रात्री टाकून पळाला आणि ‘इच्छा सोडा’ म्हणाला, तेव्हा घराचे हप्ते, मुलांची फी आणि हिंजवडीचं ट्रॅफिक ज्याच्या नशिबी आहे त्याने त्याच्या नादी लागू नये. ध्यान म्हणजे डोकं रिकामं करून बसणं, त्याने माणूस थंड पडतो, अन्याय मुकाट सोसतो. आणि विपश्यनेच्या, म्हणजे बुद्धाच्या ध्यानपद्धतीच्या शिबिरासाठी दहा दिवसांची सुट्टी देतो कोण? शेवटी ‘सहमत असाल तर पुढे पाठवा’ आहेच. मी सहमत नाही.

आधी ते रात्री पळणं. सारथी छन्न, कंथक घोडा, झोपलेली पत्नी यशोधरा हे चित्र नंतरच्या चरित्रकथांनी आपल्या डोक्यात पक्कं केलं. बुद्धाच्या उपदेशांच्या जुन्या पाली संग्रहातल्या, मज्झिम निकायातल्या अरियपरियेसन सुत्तात बुद्ध स्वतः सांगतो ते वेगळं आहे: आईवडिलांची इच्छा नव्हती, ते रडत होते, तरी मी केस-दाढी उतरवून काषाय वस्त्रं घातली आणि घर सोडलं. म्हणजे जे झालं ते उघड. फर्ग्युसनमध्ये पाली शिकवलेल्या धर्मानंद कोसंबींनी याकडे केव्हाच लक्ष वेधलं होतं. बाबासाहेबांनी तर गृहत्यागाचं कारणच बुद्धाचं शाक्य कुळ आणि शेजारचे कोलीय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात शोधलं. (पाणीवाटपावरून घरं कशी पेटतात हे खडकवासल्याचं पाणी पिणाऱ्यांना नव्याने सांगायला नको.) यशोधरेच्या बाजूने प्रश्न उरतोच, आणि तो विचारायलाच हवा. पण फॉरवर्डला तिची काळजी आहे असं काही दिसत नाही.

खरी गफलत पैशाच्या मुद्द्यात आहे. दीघजाणू नावाचा कोलीय गृहस्थ बुद्धाकडे येऊन सरळ सांगतो की आम्ही पोराबाळांच्या गराड्यात राहणारी माणसं, काशीचं चंदन लावतो, माळा घालतो, सोनंनाणं बाळगतो. आमच्या उपयोगाचं काही सांगा. यावर बुद्ध त्याला ‘आधी ते सोनं टाक’ म्हणत नाही. तो म्हणतो: मेहनतीने आणि हुशारीने कमव. कमावलेलं राजा, चोर, आग, पूर आणि नावडते वारस यांच्यापासून सांभाळ. चांगल्या माणसांत ऊठबस ठेव. आवक पाहून खर्च कर. (नावडते वारस! अडीच हजार वर्षांपूर्वीही हिस्सेवाटणीची चिंता होतीच.) तुटपुंज्या कमाईवर चैन करणाऱ्याला लोक उंबरं खाणारा म्हणतात, असंही तो सांगतो: चार फळांसाठी अख्खं झाड हलवायचं आणि बाकीची मातीत. आणि भरपूर असून चिकटपणे जगणाऱ्याला लोक म्हणतात, हा उपाशीच मरणार. अनाथपिंडिक सावकाराला गृहस्थाची सुखं सांगताना बुद्धाने कर्ज नसण्याचं सुख वेगळं मोजलं आहे. हे हप्तेवाल्याच्या कामाचं नसेल तर कशाला कामाचं म्हणायचं?

पुरावा हवा असेल तर लोकल पकडून मळवलीला उतरा आणि कार्ल्याच्या बौद्ध लेण्यातल्या चैत्यगृहापर्यंत, म्हणजे प्रार्थनेच्या दालनापर्यंत चढा. दाराचं काम धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाचं, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं दान आहे. तसा लेखच तिथे कोरलेला आहे. लेणं पुरं केल्याचं श्रेय वैजयंती नगरीच्या भूतपाल शेठकडे जातं. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची, म्हणजे व्यवसायसंघांची नावं आहेत. ही सगळी धंद्यातली माणसं.

आता डोकं रिकामं करण्याचं. ध्यानावरच्या सतिपट्ठान सुत्तात चालताना, वळून बघताना, खाताना, अगदी मलमूत्र विसर्जनाच्या वेळीही भान ठेवायला सांगितलंय. विचार हाकलून द्यायला नाही. पार्किंगवरून कुणी ग्रुपवर टोमणा मारला की जबडा आवळतो, कानाच्या पाळ्या तापतात आणि अंगठा आपसूक कीबोर्डवर जातो. पाळी तापलेली कळणं, ती थोड्या वेळाने निवतानाही कळणं, आणि अंगठा तोवर थांबणं, एवढाच सराव आहे. उत्तर द्यायचं असेल तर नंतर द्या की. खरमरीत द्या.

‘अन्याय सोसायला शिकवतं’ हे महाराष्ट्रात बसून लिहायला धाडस लागतं. देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्ती बसवणारा आणि १९५६ साली नागपुरात लाखोंसह धम्म स्वीकारणारा माणूस कोणता अन्याय मुकाट सोसत होता? आंबेडकरी चळवळीत विपश्यनेवरून वाद आहे हे खरं. डोळे मिटले की बाहेरचं दिसेनासं होतं, असं म्हणणारे कार्यकर्ते तिथे आहेत आणि त्यांचा आक्षेप मी उडवून लावणार नाही. पण तो या फॉरवर्डचा आक्षेप नव्हे.

फॉरवर्डला उत्तर म्हणून काही साधकांनी ‘बीपी, मायग्रेन सगळं जातं’ असं लिहिलं. कृपा करून असं करू नका. विपश्यनेची ही शिबिरं भारतात रुजवणारे सत्यनारायण गोयंका मायग्रेनसाठी म्हणूनच बर्मातले आपले गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते, तेव्हा त्यासाठी येऊ नका, असंच त्यांना ऐकावं लागलं. २०१४ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने थोडाफार फरक पडतो असं त्यात दिसलं. झोप किंवा वजन यांबाबत तसा पुरावा सापडला नाही, आणि व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस असल्याचंही आढळलं नाही. बीपीची गोळी चालू ठेवा.

राहिली सुट्टी. ऊ बा खिन हे बर्माचे अकाउंटंट जनरल. १९५० साली त्यांनी आपल्या कचेरीतच ध्यानाचा संघ काढला होता. कचेरीतल्या कारकुनांना जमलं ते आपल्याला जमू नये असं नाही. दहा दिवसांचं शिबिर करायचंच असेल तर आळंदीजवळ मरकळला केंद्र आहे, शहरात स्वारगेटजवळ दादावाडीत आहे. फी नाही, फोन जमा करावा लागतो, पहाटे चारला घंटा होते. अर्जात मानसिक आजार आणि औषधांविषयी विचारतात. काही जणांना दहा दिवसांचं मौन आणि इतकं बसणं झेपत नाही, त्रास वाढतो, म्हणून तो रकाना खरा भरा आणि औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.