भाच्याचं पिंप

मुंबईत नवीन कपाट घ्यायचं तर आधी जुनं विकावं लागतं. अशा शहरात माझ्या भाच्याने, निनादने, वाइनचं जुनं लाकडी पिंप विकत घेतलं आणि ते 'थोडे दिवस' आमच्या मुलुंडच्या घरी आणून ठेवलं. ओकचं, २२५ लिटरचं, नाशिककडच्या एका वायनरीने वापरून काढलेलं. तो स्वतः कांदिवलीला भाड्याने राहतो आणि त्याच्या घरमालकाला भिंतीत खिळा मारलेलाही चालत नाही. मामा मात्र हक्काचा.

निनाद काही वर्षं अमेरिकेत होता. तिथे १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे घरच्या घरी बिअर करायला मोकळीक मिळाली, त्यामुळे लोक गॅरेजमध्ये गाडी सोडून बाकी सगळं ठेवतात. त्यालाही नाद लागला, आणि तोही साध्या बिअरचा नाही, आंबट बिअरचा. जुन्या पिंपात वर्षानुवर्षं मुरवायची ती. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा. विनापरवाना घरात बिअर घातली तर ती मुरायच्या आत आपण आत. म्हणून त्याने छोट्या ब्रुअरीच्या लायसन्ससाठी अर्ज केलाय. बिअर मुरेल तेव्हा मुरेल, तूर्तास अर्ज मुरतोय.

"मामा, तुला काहीच करायचं नाहीये. पिंप कोरडं पडलं की फळ्या आकसतात, कड्या सैल होतात. फक्त पाण्याने भरून ठेव. लाकूड फुगलं की गळणं आपोआप थांबतं."

"गळणं? कसलं गळणं?"

"थांबतं रे," तो म्हणाला आणि कांदिवलीला गेला.

आमच्याकडे पाणी पहाटे येतं आणि तासाभरात जातं. त्या तासात आंघोळी, धुणं, पिण्याचं पाणी आणि वर हे २२५ लिटर. पाइप आत सोडला. पिंप जेमतेम अर्धं भरलं असेल, तोच दोन फळ्यांच्या फटीतून सुतासारखी एक धार बाहेर आली. तिला बोट लावलं, तर शेजारून दुसरी. मग कड्यांच्या खालून थेंबांची रांगच लागली. हिने परातीपासून वाटीपर्यंत सगळी भांडी मांडली, शेवटी पूजेचं ताम्हनसुद्धा लावलं. तरी पाणी जायचं तिथे गेलंच. मुंबईत एक वेळ माणूस उसने पैसे विसरेल, वरच्या मजल्यावरचं लीकेज विसरणार नाही. खालचे नाडकर्णी टॉवेलवरच वर आले. "तुमच्याकडे काय फुटलंय?" मी म्हटलं, "फुटलं नाही, फुगतंय." त्यांनी माझ्याकडे फार वेळ पाहिलं.

एक-दोन दिवसांत ते खरंच थांबलं. लाकूड पाणी प्यायलं, फळ्या एकमेकींना भिडल्या, आत ना खिळा ना डिंक. त्या कारागिरीला मी मनातून हात जोडले. पण नुसतं पाणी लाकडात कुजतं, म्हणून निनादने त्यात लिंबूसत्त्व आणि केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, घालायला लावलं. हा केएमएस आपल्या सरबतांतही पडतो, पण चिमूटभर. इथे त्याने किलोच्या हिशेबात पुडे आणले. बूच काढलं की नुकत्याच विझलेल्या काडेपेटीचा वास घरभर.

मग सेक्रेटरी आले. पाणी सव्वादोनशे किलो, पिंप पन्नासेक किलो, बिल्डिंग १९७४ची. त्यांनी मोबाइलवर बेरीज केली, स्लॅबकडे पाहिलं, पुन्हा बेरीज केली. पिंप हॉलच्या मध्यावर नको, भिंतीलगत बीमवर हवं, असं ठरलं. निनादचं म्हणणं, त्याला थंडावाही हवा. ब्रुसेल्सची कांतियों ही ब्रुअरी १९०० सालापासून अशी बिअर करते, पण उन्हाळ्यात भट्टी बंद. हवेतलं यीस्ट बिअरमध्ये आपणहून उतरावं लागतं आणि त्यासाठी रात्री थंड लागतात. मुलुंडला थंड रात्र फक्त आमच्या बेडरूममध्ये असते, रात्री अकरा ते पाच, टायमर लावून. भिंतीलगतचा बीमही नेमका तिथेच. आमचं लाकडी कपाट विकलं. आता बूच हिच्या बाजूला आहे.

हिला खरा राग जागेचा नाही, कौतुकाचा आहे. निनाद दर रविवारी येऊन पिंपासमोर व्याख्यान देतो. लॅक्टोबॅसिलस हा जंतू आंबटपणा आणतो. "म्हणजे दह्यातला," ही म्हणते. पेडिओकॉकसने बिअरला तार सुटते, मग ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट ती महिनोन् महिने खाऊन साफ करतं. "मी तार सुटलेलं दही फेकून देते," ही म्हणते. बिअरवर पांढरा सुरकुतलेला पापुद्रा धरतो, त्याला बोटही लावायचं नाही. "माझ्या लोणच्यावर धरला तेव्हा तुझ्या मामाने आठवडाभर ऐकवलं होतं." आणि बेल्जियममधल्या त्या ब्रुअऱ्यांत कोळ्यांची जाळी मुद्दाम काढत नाहीत, कारण कोळी चिलटं खातात आणि चिलटांबरोबर बिअरचं व्हिनेगर करणारे जंतू येतात. हे ऐकल्यावर ती काहीच बोलली नाही. झाडू घेऊन थेट माळ्यावर चढली.

चव बघायची तर बूच उघडायचं नाही, हवा आत जाते. त्यावर कॅलिफोर्नियाच्या रशियन रिव्हर ब्रुअरीच्या विनी सिलुर्झो यांची एक युक्ती आहे: पिंपाच्या तोंडाच्या फळीला बारीक भोक पाडायचं आणि त्यात स्टेनलेस स्टीलचा खिळा ठोकून ठेवायचा. निनादने ते करून दाखवलं. पकडीने खिळा ओढला, बारीक धार ग्लासाच्या तळाशी वाजली, दोन बोटं भरल्यावर खिळा परत आत. एक थेंब सांडला नाही. ग्लासात अर्थात केएमएसचं पाणी. त्याने ते उजेडासमोर धरलं, फिरवलं, हुंगलं आणि मान डोलावली. सगळ्यांत जास्त भीती मला त्या मान डोलावण्याची वाटली.

एकदा त्याने येताना आणलेली लॅम्बिकची, म्हणजे त्याच बेल्जियन आंबट बिअरची, बाटली उघडली. जाणकार म्हणे हिचा वास घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीसारखा सांगतात, आणि हे कौतुकाने. मला तर कैरीच्या पन्ह्यात कुणीतरी जुनी सतरंजी पिळल्यासारखं वाटलं. तरी दुसरा घोट मागितला, हे खरं. ही पाहत होती.

"लायसन्स मिळालं की किती दिवस?" मी विचारलं.

"एक वर्षाची, दोन वर्षांची आणि तीन वर्षांची बिअर एकत्र करायची, मग बाटलीत आणखी काही महिने."

"म्हणजे तीन पिंपं?" हिने विचारलं.

निनाद घड्याळ बघून उठला.

मध्यंतरी आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. प्रत्येकाला ट्रान्झिटमध्ये किती जागा लागेल याचा तक्ता बिल्डरने मागवला. सेक्रेटरींनी माझ्या नावापुढे लिहिलं: माणसं दोन, पिंप एक (तळमजलाच द्यावा). खाली नाडकर्ण्यांची सूचक म्हणून सही आहे.