रोम मोठं झालं कशाच्या जोरावर? तिकटीवरचं एक भांडण

दिग्या युरोपची टूर करून आला आणि कट्ट्यावर चॉकलेटं वाटता वाटता बोलून गेला, "रोम म्हणजे बादशहांचं काम बघा. एकेक असला तगडा, जग जिंकलं गड्यांनी."

प्राजक्ता नुकतीच बँकेतून आली होती. तिने चहाचा ग्लास कठड्यावर ठेवला. "कुठल्या बादशहाने काय जिंकलं ते सांग. इटली, सिसिली, कार्थेज, मॅसिडोनिया, गॉल, सिरिया. यातलं काय बादशहाने घेतलं? पहिला बादशहा ऑगस्टस, त्याच्या हातात कारभार पक्का झाला तो इ.स.पू. 27 मध्ये. तोवर भूमध्य समुद्राच्या काठचा बहुतेक मुलूख रोमच्या ताब्यात आलेला होता. आणि ज्या कोलोझियमपुढे तू फोटो काढलेस, ते खुलं झालं इ.स. 80 मध्ये."

"मग जिंकलं कुणी?"

"दरवर्षी बदलणाऱ्या दोन कॉन्सलांनी, म्हणजे राज्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी. तेही निवडून आलेले."

इथून जो वाद पेटला तो आजूबाजूच्या दुकानांची शटरं पडेपर्यंत चालला. (कोल्हापूरकरांना रोम म्हटलं की टाऊन हॉल म्युझियममधला, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला ब्राँझचा पोसायडन आठवतो. पण ज्या व्यापारातून तो इकडे आला तो बहुतेक सगळा नंतरचा, म्हणून त्या रात्री त्याला कुणी हात घातला नाही.) शिरीष सर होते हे बरं झालं. सर हायस्कूलवर इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहेत, आणि कुणालाच मुद्दा अर्धा टाकून पळू देत नाहीत.

दिग्या बिल्डिंग कॉन्ट्रॅक्टर. माघार घेईल तर शपथ. त्याने मोबाईल काढून पॅलाटाइन टेकडीवरचे फोटो दाखवले. बाकीची टूर सेल्फी काढत असताना हा गडी खाली वाकून खडकात पाडलेली गोल भोकं बघत बसला होता. "मेढी रोवायची भोकं आहेत ही. कुडाच्या भिंती, वरनं मातीचं लिंपण, माथ्यावर गवत. आठव्या शतकातलं, म्हणजे इसवी सनाच्या आधीच्या आठव्या शतकातलं रोम ते एवढंच. लांडगीच्या दुधावर वाढलेल्या रोम्युलसने इ.स.पू. 753 साली रोम वसवलं म्हणतात, ते राहू दे बाजूला. जागा बघा जागा! टायबर नदीत मधेच बेट, त्यामुळं तिथं नदी ओलांडायला सोपी. समुद्राकडनं मिठाचा रस्ता येतो तो तिथनंच वर डोंगरात जातो. काठाला गुरांचा बाजार. वरच्या अंगाला एट्रस्कन, खालच्या अंगाला लॅटिन आणि त्याच्या पलीकडं ग्रीक. असल्या ठिकाणी गाव वाढणारच की."

पुढे तो खरा रंगला. टेकड्यांच्या मधली जागा पाणथळ होती. तिथे हजारो घनमीटर भराव टाकला, नाला काढून पाणी टायबरला सोडलं, वर फरशी केली, तोच फोरम, शहराचा मुख्य चौक. मग कॅपिटोलाइन टेकडीवर ज्युपिटरचं देऊळ. त्याचा दगडी पाया आता म्युझियमच्या आत आहे, साठ मीटरच्या आसपास लांब आणि पन्नासच्या वर रुंद. "असला पाया घालणारं गाव भिकारी नसतंय. आणि घातला कुणी? राजांनी. तुमच्या निवडून आलेल्यांनी नव्हे."

"आणि परंपरा अशी सांगते," सर म्हणाले, "की देवळाचं लोकार्पण झालं इ.स.पू. 509 मध्ये. टार्क्विन राजाला हाकलून दिलं त्याच साली."

"म्हणजे काम एकाचं आणि फीत दुसऱ्याने कापली," अव्या म्हणाला. "बरोबर आहे."

दिग्याचा हा मुद्दा मला आवडला. रोमच्या गोष्टी सांगणारे पहिल्या राजांना गोष्टीत टाकतात आणि खरा इतिहास प्रजासत्ताकापासून सुरू करतात, पण शहर म्हणावं असं जे काही होतं ते राजांच्या काळातच उभं राहिलं. तरीही जागेचं कौतुक फार ताणता येत नाही, आणि प्राजक्ताने नेमकं तिथेच पकडलं. वेई हे एट्रस्कन शहर रोमपासून जेमतेम सोळा किलोमीटरवर, श्रीमंत, टेकडीवर सुरक्षित. कापुआची जमीन रोमपेक्षा कसदार. टॅरेंटमला उत्तम बंदर. "ही का नाही उठली? इ.स.पू. 396 मध्ये रोमने वेई गिळलं, वेईने रोम नाही. आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत गॉल टोळ्यांनी येऊन रोम लुटलं, सोनं तोलून घेऊन गेले. जागा तीच होती ना तेव्हाही?"

मग अव्याची पाळी. तो वकील, त्यामुळे त्याचं म्हणणं काय असणार हे ठरलेलं. घटना! एकाच्या हातात सत्ता नको म्हणून दोन कॉन्सल, एकाने केलेलं दुसऱ्याला थांबवता येतं. मुदत एक वर्ष. संकट आलं तर डिक्टेटर, पण जास्तीत जास्त सहा महिने. आणि गरीब प्लेबियन लोकांनी वरिष्ठ घराण्यांकडून एकेक हक्क ओढून काढला तो तर त्याला तोंडपाठ. कर्जाने पिचलेले लोक इ.स.पू. 494 मध्ये शहर सोडून डोंगरावर जाऊन बसले, तेव्हा त्यांना स्वतःचे ट्रिब्यून, म्हणजे त्यांची बाजू घेणारे प्रतिनिधी, मिळाले. इ.स.पू. 450च्या सुमारास बारा फलकांवर कायदा लिहून निघाला. 367 मध्ये कॉन्सलपद खुलं झालं, 326 मध्ये कर्जापायी माणूस बांधून घ्यायची पद्धत मोडली, 287 मध्ये प्लेबियन सभेचे ठराव सगळ्यांवर बंधनकारक झाले.

"आणि ट्रिब्यूनच्या घराचं दार रात्रंदिवस उघडं ठेवायचं, असा दंडक होता. कुणीही गांजलेला माणूस कधीही आत यावा म्हणून. आपल्याकडे एखाद्या नगरसेवकाला सांगून बघ."

सरांनी त्याला मनसोक्त बोलू दिलं. मग म्हणाले, "अविनाश, कॉन्सल निवडायची सभा माहीत आहे ना? त्यात मतं माणसागणिक मोजत नसत. 193 गट होते, एका गटाचं एक मत. घोडेस्वारांचे 18 आणि सर्वांत श्रीमंत वर्गाचे 80. बेरीज कर."

"अठ्ठ्याण्णव."

"बहुमताला किती लागतात?"

अव्या गप्प झाला, आणि तो गप्प होणं ही आमच्याकडे बातमी असते. सत्त्याण्णव लागतात. वरचे दोघे एक झाले की खालच्यांपर्यंत मतदान पोचायचंही नाही, आणि ज्यांच्याकडे काहीच मालमत्ता नाही अशा सगळ्या जनतेचा मिळून गट एक. हा हिशोब पुढे थोडा बदलला, पण तोल श्रीमंतांकडेच राहिला. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस ओलीस म्हणून रोमला आला, तिथेच रमला, आणि रोमची घटना म्हणजे राजा, सरदार आणि प्रजा यांचं छान मिश्रण असं लिहून गेला. माझ्या मते त्याला बड्या घरांच्या पंक्तीत बसून जे दिसलं ते त्याने लिहिलं.

पण अव्याचं सगळंच काही फेकून देण्यासारखं नाही. डोंगरावर जाऊन बसलेले लोक म्हणजेच सैन्य होतं. त्यांच्याशिवाय लढाई नाही, म्हणून त्यांना काहीतरी द्यावंच लागलं. आणि दिल्यावर ते पुन्हा रांगेत येऊन उभे राहिले. दुसऱ्या कितीतरी शहरांत असल्या भांडणातून एका बाजूची कत्तल झाली. रोममध्ये ती पहिली साडेतीनशे-चारशे वर्षं मोठ्या प्रमाणावर झाली नाही, एवढं मान्य करायला हवं.

"सैन्य म्हणालात ना," प्राजक्ता म्हणाली, "मग इ.स.पू. 338 बघा. सगळं त्यात आहे."

त्या साली रोमने शेजारच्या लॅटिन शहरांचं बंड मोडलं. जिंकल्यावर करायचं काय? नेहमीची पद्धत म्हणजे पुरुष मारा, बाकीचे विका, नाहीतर दरसाल खंडणी लावा. रोमने एकेका शहराशी वेगळा करार केला. काहींना पूर्ण नागरिकत्व, काहींना मताधिकाराशिवायचं नागरिकत्व, बाकीचे दोस्त. आपापसात संबंध ठेवायचे नाहीत, प्रत्येकाने थेट रोमशीच बोलायचं. खंडणी शून्य. मागणी एकच, रोम लढेल तेव्हा माणसं पाठवायची. टस्क्युलम हे असंच मुरवून घेतलेलं गाव, तिथला फुल्विअस इ.स.पू. 322 मध्ये रोमचा कॉन्सल झाला. आर्पिनम गावाला 303 मध्ये अर्धं नागरिकत्व मिळालं, 188 मध्ये पूर्ण, आणि पुढे त्याच गावाने सेनापती मारियस आणि वक्ता सिसेरो असे दोन कॉन्सल दिले.

"कळलं," दिग्या म्हणाला. "दूध संघाच्या निवडणुकीत पडलेल्या पॅनेलचे चार जण पुढच्या वेळी आपल्याच पॅनेलमध्ये उभे करायचे."

"तसंच. आणि हे शत्रूलाही दिसत होतं. मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप हॅनिबलच्या, म्हणजे रोमशी लढणाऱ्या कार्थेजच्या सेनापतीच्या, बाजूचा. त्याने इ.स.पू. 214 मध्ये लारिसा शहराला पाठवलेलं पत्र दगडावर कोरलेलं सापडलंय. त्यात तो म्हणतो, रोमन बघा, गुलाम मुक्त केला की त्यालाही नागरिक करून घेतात, म्हणून त्यांचं शहर वाढलं आणि सत्तरेक ठिकाणी त्यांच्या वसाहती झाल्या. तुम्हीही नागरिक वाढवा."

सरांनी लगेच दुरुस्ती केली. सत्तर हा आकडा फुगवलेला, आणि मुक्त गुलामाला स्वतःला पदं मिळत नसत, मुलाला मिळत. पण मूळ निरीक्षण खरं. मग त्यांनी आकडे मांडले, ते मात्र सगळ्यांनी निमूट ऐकले. हॅनिबल आल्प्स उतरून इटलीत आला तेव्हा त्याच्याकडे वीस हजार पायदळ आणि सहा हजार घोडदळ होतं. हे त्याने स्वतःच इटलीच्या दक्षिण टोकाला एका फलकावर कोरून ठेवलं होतं आणि पॉलिबियसने ते वाचलं. त्याच पॉलिबियसने रोम आणि दोस्त मिळून हत्यार धरू शकतील अशा पुरुषांची इ.स.पू. 225 मधली मोजदाद दिली आहे. सात लाखांच्या वर पायदळ, सत्तर हजार घोडदळ.

म्हणूनच कॅनेच्या लढाईनंतरही रोम टिकलं. इ.स.पू. 216च्या ऑगस्टमध्ये एका दिवसात रोमची पन्नास हजारांच्या आसपास माणसं कापली गेली. कुठलंही दुसरं राज्य दुसऱ्या दिवशी तहाला बसलं असतं. सिनेटने, म्हणजे बड्या घराण्यांच्या सभेने, हॅनिबलचा दूत शहरात घेतला नाही, कैद्यांची खंडणी भरायला नकार दिला, आठ हजार गुलाम विकत घेऊन त्यांच्या हातात शस्त्रं दिली. भीती किती होती, तर गुरांच्या बाजारात दोन गॉल आणि दोन ग्रीक माणसं जिवंत पुरली, देव शांत व्हावेत म्हणून. कापुआ फुटलं, दक्षिणेतली बरीच शहरं फुटली. रोमने वसवलेल्या लॅटिन वसाहती टिकल्या. 209 मध्ये तीसपैकी बारांनी हात वर केले, आता देण्यासारखी माणसंच उरली नाहीत म्हणून. तरी त्यांतली एकही हॅनिबलला जाऊन मिळाली नाही.

"उदार होते म्हणून जिंकले, हेच मी म्हणतेय," प्राजक्ता म्हणाली.

"उदार?" सर हसले. "दोस्तांकडून खंडणी नाही, फक्त सैनिक. मग त्या सैनिकांचा उपयोग करायचा कसा? लढाई काढूनच. एक वर्ष शांत बसलं तर त्या करारातून रोमला काय मिळतं? काही नाही. शिवाय लुटीत आणि जमिनीत दोस्तांना वाटा लागतो. म्हणून जवळजवळ दरवर्षी मोहीम. इ.स.पू. 167 मध्ये ग्रीसकडच्या एपिरसची सत्तर गावं लुटून दीड लाख माणसं गुलाम केली. त्याच सुमाराला रोमच्या नागरिकांचा युद्धकर बंद झाला. तुझी उदारता आणि ही लूट एकाच करारातून आली."

माझं मत विचाराल तर सर इथे जिंकले. जागा आणि कायदा या दोन्हींनी हातभार लावला, पण गाडा ओढला तो याने. जिंकलेल्याला सैनिक करायचं आणि सैनिकाला काम द्यायला पुढचं गाव जिंकायचं.

आणि मोडलंही त्यातूनच. वर्षानुवर्षं बाहेर लढणाऱ्या शेतकऱ्याची शेती कुजली, लुटीचा पैसा जमिनीत गेला, कामाला फुकटचे गुलाम आले. टायबेरिअस ग्रॅकसने इ.स.पू. 133 मध्ये सार्वजनिक जमिनीवर सीलिंग लावायचा कायदा आणला, माणशी साधारण तीनशे एकर. कायदा तसा जुनाच, अंमल नवा. सिनेटरांनी बाकांचे पाय मोडून त्याला आणि तीनेकशे जणांना मारलं आणि प्रेतं टायबरमध्ये फेकली. मेला तेव्हा तो ट्रिब्यून होता, दार उघडं ठेवणारा, ज्याच्या अंगाला हात लावणं पाप.

अव्याला हे बोचलं असावं. तो म्हणाला, "आणि दोस्तांचं काय? ते शेवटी काय म्हणाले?"

ते इ.स.पू. 91 मध्ये उठले. अर्ध्याहून जास्त सैन्य आम्ही देतो, मग मत का नाही? कॉर्फिनियम गावाचं नाव बदलून इटालिका ठेवलं, तिथे आपली सिनेट बसवली, दोन कॉन्सल नेमले. रोमविरुद्धची राजधानीसुद्धा रोमसारखीच! त्यांचं चांदीचं नाणं आहे, त्यावर इटलीचा बैल रोमच्या लांडगीला शिंगाने खाली दाबतोय. पुढच्याच वर्षी रोमने कायदा करून नागरिकत्व देऊन टाकलं, आणि लढाई हळूहळू विझली.

"मग जिंकलं कोण?" दिग्याने विचारलं.

"रोम," अव्या म्हणाला. "इटालिका कुठे राहिली?"

"इटालियन," प्राजक्ता म्हणाली. "जे मागत होते ते मिळालं."

"मिळालं," सर म्हणाले, "पण सगळे नवे नागरिक मोजक्याच मतदार-गटांत कोंबायचं ठरवलं, म्हणजे संख्येने कितीही असोत, मत हलकंच. ते नीट वाटायचा प्रस्ताव इ.स.पू. 88 मध्ये एका ट्रिब्यूनने आणला. तो जमवायला मारियसचं वजन हवं, म्हणून पूर्वेकडच्या स्वारीचं सेनापतिपद सुल्लाकडून काढून मारियसला देऊन टाकलं. सुल्ला सैन्य घेऊन थेट रोमवर चालून आला. त्याचे अधिकारी एक सोडून सगळे निघून गेले. आपल्याच शहरावर कसं जायचं म्हणाले."

"आणि शिपाई?"

"शिपाई गेले सोबत. मारियसने दुसरं सैन्य नेलं असतं, तर पूर्वेची लूट त्या सैन्याला मिळाली असती."