कोविशील्डविषयीचा फिरता मजकूर: तीन खऱ्या घटना आणि एक खोटा निष्कर्ष

मे २०२४मध्ये पहिल्यांदा दिसलेला आणि एखाद्या तरुणाच्या आकस्मिक मृत्यूची बातमी आली की पुन्हा डोके वर काढणारा एक मजकूर नागपुरातील ले-आउटच्या, भिशीच्या आणि सकाळी अंबाझरीला फिरायला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर अजूनही फिरत असतो. त्याचा आशय थोडक्यात असा: कोविशील्डने रक्तात गुठळ्या होतात हे कंपनीने न्यायालयात कबूल केले, तीन वर्षे ते लपवून ठेवले होते, बिंग फुटल्यावर लस जगभरातून परत मागवली गेली, दिल्लीत घबराट उडाल्याने प्रमाणपत्रावरचा पंतप्रधानांचा फोटो रातोरात काढला गेला, आज धडधाकट तरुण चालता-बोलता कोसळतात ते याच लसीमुळे, आणि हे सारे टाळता आले असते, कारण स्वस्त औषधे उपलब्ध होती, पण ती दडपली गेली. या मजकुरातील तीन घटना खरोखर घडलेल्या आहेत. कंपनीने न्यायालयात तसे लिहून दिले, युरोपातील परवाना मागे घेतला, फोटोही गेला. वाचणाऱ्याला त्यातील एखादी गोष्ट बातम्यांत पाहिल्याचे आठवते आणि मग उरलेल्या सगळ्यावर त्याचा विश्वास बसतो. म्हणून या मजकुराला सरसकट अफवा म्हणून उडवून लावणे उपयोगाचे नाही.

पहिला मुद्दा कबुलीचा. फेब्रुवारी २०२४मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने इंग्लंडच्या उच्च न्यायालयात दाखल केलेल्या कागदपत्रात आपल्या लसीमुळे (तीच आपल्याकडे कोविशील्ड या नावाने दिली गेली) अत्यंत विरळा प्रसंगी टीटीएस हा विकार होऊ शकतो असे म्हटले, आणि एप्रिलच्या अखेरीस ब्रिटिश वृत्तपत्रांतून ती बातमी जगभर गेली. टीटीएसमध्ये रक्तात गुठळ्या होतात आणि त्याच वेळी प्लेटलेटची संख्या घसरते. शरीर प्लेटलेट फॅक्टर ४ नावाच्या स्वतःच्याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि ती प्रतिपिंडे प्लेटलेटना चेतवून मेंदूच्या किंवा पोटाच्या शिरांसारख्या एरवी क्वचितच आढळणाऱ्या जागी गुठळ्या घडवून आणतात. हा विकार गंभीर आहे, त्याने माणसे दगावली आहेत, आणि ‘असे काही नव्हतेच’ असे म्हणणारा दुसऱ्या बाजूचा मजकूरही तितकाच खोटा आहे.

मात्र ‘तीन वर्षे लपवले’ हे विधान तारखांपुढे टिकत नाही. ७ एप्रिल २०२१ रोजी युरोपीय औषध संस्थेने हा अत्यंत विरळा दुष्परिणाम असल्याचे जाहीर केले आणि त्याच दिवशी ब्रिटनने तीस वर्षांखालील लोकांना शक्यतो दुसरी लस देण्याचे ठरवले. पुढच्याच आठवड्यात डेन्मार्कने या लसीचा वापर थांबवला. आपल्याकडे १७ मे २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने लसीकरणोत्तर दुष्परिणामांच्या राष्ट्रीय समितीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात तपासलेल्या ४९८ गंभीर प्रकरणांपैकी २६ प्रकरणे कोविशील्डनंतरच्या गुठळ्यांची असू शकतात, म्हणजे दर दहा लाख डोसमागे ०.६१, असे नमूद होते. ब्रिटनमधील प्रमाण दहा लाखांत ४ आणि जर्मनीतील १० असल्याचेही त्याच निवेदनात होते. लस घेतल्यापासून वीस दिवसांत धाप लागणे, छातीत किंवा पोटात सतत दुखणे, हातापायाला सूज येणे, तीव्र डोकेदुखी, त्वचेवर लाल ठिपके अशी लक्षणे दिसल्यास रुग्णालय गाठावे, ही सूचनाही तेव्हाच दिली गेली.

०.६१ हा आकडा मात्र मी डोळे मिटून स्वीकारणार नाही. मंत्रालयाने त्याचे कारण दक्षिण आशियाई लोकांत गुठळ्यांचे प्रमाण मुळातच कमी असते असे दिले, ते काही अंशी खरे असू शकते. पण एप्रिल-मे २०२१मध्ये, जेव्हा मेडिकल आणि मेयो या दोन्ही रुग्णालयांत खाट मिळणे दुरापास्त होते आणि जिल्ह्यात दिवसाला सात हजारांहून अधिक रुग्ण सापडत होते, तेव्हा एखाद्या खेड्यातील लसवंताच्या डोकेदुखीची नोंद दिल्लीच्या समितीपर्यंत पोहोचली असेलच असे कोण सांगणार? खरा आकडा त्याहून जास्त असेल, हे मान्य करूनही तो त्या निवेदनातल्या जर्मनीच्या आकड्याइतका धरला तरी लाखात एक इतकाच भरतो, आणि त्या वेळी गंगाबाई घाटावर व मोक्षधामात दिवसरात्र जळणाऱ्या चिता कोविडच्या होत्या, लसीच्या नव्हे.

लस ‘परत मागवली’ हा दुसरा मुद्दा लवकर निकालात काढता येतो. कंपनीने युरोपीय संघातील विक्री परवाना स्वतःहून मागे घेतला, तो निर्णय ७ मे २०२४पासून लागू झाला, आणि तसा अर्ज ५ मार्चलाच, म्हणजे वृत्तपत्रांतील गदारोळाच्या आधी, केलेला होता. मूळ वुहान विषाणूवर बेतलेल्या या लसीला नव्या उपप्रकारांसाठी सुधारलेल्या लसींपुढे मागणीच उरली नव्हती. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तर कोविशील्डचे उत्पादन आणि नवा पुरवठा डिसेंबर २०२१पासूनच थांबवल्याचे सांगितले आहे. मे २०२४मध्ये परत मागवायला बाजारात मालच नव्हता.

फोटोचा मुद्दा नागपूरकरांना विशेष पटतो, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. लोकसभेचे आपल्याकडचे मतदान १९ एप्रिल २०२४ला पहिल्याच टप्प्यात उरकले होते. बोटावरची शाई फिकी पडू लागली होती, सभा आणि भोंगे थांबले होते, आणि मेच्या उन्हात प्रमाणपत्र उघडून पाहणाऱ्याला फोटो गायब दिसला, तर त्याचा संबंध आचारसंहितेशी आहे हे त्याच्या मनातही येत नाही. पण आचारसंहिता देशभर निकालापर्यंत लागू होती, आणि फोटो काढण्याचे कारण आरोग्य मंत्रालयाने तेच दिले. असे पहिल्यांदा घडले असेही नाही: २०२१मध्ये पश्चिम बंगाल, आसाम, केरळ, तमिळनाडू, पुदुच्चेरी येथील निवडणुकांच्या वेळी आणि २०२२मध्ये उत्तर प्रदेश, पंजाबसह पाच राज्यांत त्या त्या राज्यापुरता फोटो हटवला गेला होता. वैद्यकीय नोंदीच्या कागदावर राजकीय नेत्याची छबी मुळात असावीच का, हा प्रश्न मला आजही योग्य वाटतो. ती तेथे नसती, तर ती नाहीशी होण्यावरून कोणाला तर्कही लढवता आला नसता.

लसीला पक्षाचा रंग चढवण्याचे काम दोन्हीकडून झाले आहे. लस अस्तित्वात येण्याआधीच, ऑक्टोबर २०२०मध्ये, बिहारच्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने मोफत लसीचे आश्वासन जाहीरनाम्यात घातले. जानेवारी २०२१मध्ये अखिलेश यादव यांनी ‘भाजपची लस’ घेणार नाही असे सांगितले आणि त्याच वर्षी जूनमध्ये लस घेणार असल्याचे जाहीर केले. फेब्रुवारी २०२१मध्ये पतंजलीच्या कोरोनिल या औषधाच्या कार्यक्रमाला तत्कालीन आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांच्यासोबत आपले खासदार नितीन गडकरी व्यासपीठावर होते. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने कोविडवरील कोणत्याही पारंपरिक औषधाला आपण प्रमाणित केलेले नाही असे स्पष्ट केले, आणि आपल्याच जिल्ह्यातील काटोलचे, तेव्हा राज्याचे गृहमंत्री असलेले अनिल देशमुख यांनी योग्य प्रमाणपत्राविना कोरोनिलची विक्री महाराष्ट्रात होऊ देणार नाही असे जाहीर केले. कोणत्या नेत्याने कोणती बाजू घेतली यावरून औषधाचा गुण ठरत नसतो. तरीही एकाच जिल्ह्यातील दोन पक्षांचे समर्थक आपापल्या नेत्याच्या वाक्यावरून लस किंवा काढा निवडू लागले, हे अनेक घरांनी अनुभवले आहे.

आता सर्वांत गंभीर मुद्दा: तरुणांचे अचानक मृत्यू. येथे मजकूर पुरावा म्हणून जे देतो ते असे असते की अमुक तरुण गेला आणि त्याने लस घेतली होती. पण देशात २२० कोटींहून अधिक डोस दिले गेले आहेत आणि त्यांपैकी सुमारे पावणेदोनशे कोटी कोविशील्डचे आहेत. जवळजवळ प्रत्येक प्रौढाने लस घेतलेली असताना मरणारा, लग्न करणारा आणि लॉटरी जिंकणारा असा प्रत्येक जण लस घेतलेलाच निघणार. लसीमुळे मृत्यू वाढले का, हे ठरवायचे तर मृत आणि जिवंत यांची तुलना करावी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ती केली. ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या काळात आकस्मिक मृत्यू झालेल्या, वरकरणी निरोगी अशा १८ ते ४५ वयोगटातील ७२९ जणांची त्याच वयाच्या, त्याच परिसरातील २,९१६ जिवंत व्यक्तींशी तुलना करण्यात आली. मृत्यूशी संबंध आढळला तो पूर्वी कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, कुटुंबात आकस्मिक मृत्यूचा इतिहास असणे, मृत्यूआधीच्या ४८ तासांत अतिमद्यपान, अमली पदार्थ किंवा अतिश्रमाचा व्यायाम यांच्याशी. दोन डोस घेतलेल्यांमध्ये अशा मृत्यूची शक्यता उलट कमी आढळली.

या अभ्यासाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. माहिती बरीचशी नातेवाईकांच्या मुलाखतींतून घेतलेली आहे, आणि दोन डोस घेणारा माणूस मुळातच प्रकृतीबाबत जागरूक असण्याची शक्यता असल्याने ‘लस हृदयाचे रक्षण करते’ असा अर्थ त्यातून काढू नये. सरकारी संस्थेने सरकारच्या कार्यक्रमाला निर्दोष ठरवले, असा आक्षेपही घेतला जातो. पण जुलै २०२५मध्ये कर्नाटकाचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी हासन जिल्ह्यातील मृत्यूंचा संबंध घाईने मंजूर केलेल्या लसीशी असू शकतो असे म्हटले, तेव्हा त्यांच्याच, म्हणजे केंद्रात विरोधात असलेल्या पक्षाच्या, सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनाही तसा संबंध आढळला नाही. त्यातच टीटीएस हा लस घेतल्यापासून साधारण ४ ते ४२ दिवसांत, आणि बहुतांशी पहिल्या डोसनंतर दिसणारा विकार आहे. २०२१मधल्या डोसने २०२५मध्ये कोणाला व्यायामशाळेत गाठावे, असा मार्ग त्यात नाही. हृदयाच्या स्नायूंना सूज येण्याचा जो दुष्परिणाम तरुण मुलांत नोंदवला गेला, तो प्रामुख्याने फायझर आणि मॉडर्नाच्या एमआरएनए लसींचा, आणि त्या लसी भारताच्या मोहिमेत वापरल्याच गेल्या नाहीत. अमेरिकेतली भीती आपल्याकडे मराठीत येताना लसीचे नाव तेवढे बदलले गेले. तोंडात खर्रा धरून लसीला दोष देणारे पानठेल्यावर रोज भेटतात. तंबाखू कोणत्याही रूपात हृदयाला घातक आहे, हा मजकूर मात्र कोणी पुढे पाठवत नाही.

स्वस्त औषधे दडपल्याच्या दाव्यात अर्धे सत्य नेमके उलट बाजूला आहे. दडपलेले म्हणून सांगितले जाणारे आयव्हरमेक्टिन एप्रिल २०२१मध्ये नागपुरातील असंख्य चिठ्ठ्यांवर होते, गृहविलगीकरणाच्या केंद्रीय सूचनांत होते, आणि गोव्याच्या सरकारने तर मे २०२१मध्ये सर्व प्रौढांना ते देण्याचे जाहीर केले होते. त्याची बाजू घेणारा इजिप्तमधील गाजलेला अभ्यास जुलै २०२१मध्ये मागे घेतला गेला, आणि मार्च २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधील मोठ्या चाचणीत त्याचा उपयोग आढळला नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन त्याआधीच, जून २०२०मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत, निरुपयोगी ठरले होते. याच चाचणीने त्याच महिन्यात डेक्सामेथासोन हे अत्यंत स्वस्त, जुने स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने आणि प्राणवायूवरील रुग्णांचे एक-पंचमांशाने कमी करते हे दाखवले, आणि काही दिवसांत ते भारताच्या उपचारपद्धतीत आले. स्वस्त म्हणून औषध दडपायचे असते तर सर्वांत आधी हे दडपले गेले असते.

याउलट महागड्या रेमडेसिव्हिरमागे आपण धावलो. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२०मध्येच रुग्णालयातील रुग्णांसाठी ते वापरू नये अशी शिफारस केली होती (पुढे २०२२मध्ये ठरावीक रुग्णांपुरती ती बदलली), तरीही एप्रिल २०२१मध्ये धंतोली-रामदासपेठेतील औषधांच्या दुकानांपुढे नातेवाईक रात्र काढत होते, काळाबाजार फोफावला होता, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला १९ एप्रिलला नागपूरसाठी १० हजार कुप्या पाठवण्याचा आदेश द्यावा लागला. उपचारांतील खरी फसगत शोधायची तर ती येथे सापडते. पण तिच्यात कोणताही पक्ष एकटा दोषी ठरत नसल्याने तिच्यावर मजकूर लिहिले गेले नाहीत.

सरकारला विचारण्यासारखे प्रश्न याहून वेगळे आहेत. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ला तिसऱ्या टप्प्यातील परिणामकारकतेची आकडेवारी हाती येण्याआधी मंजुरी दिली गेली, ती आकडेवारी नंतर चांगली निघाली म्हणून आधीची घाई योग्य ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी जेकब पुलियल यांच्या याचिकेवर निकाल देताना कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही असे सांगितले आणि दुष्परिणामांच्या नोंदी सामान्य नागरिकांना व खासगी डॉक्टरांना करता याव्यात, त्या सर्वांना पाहता याव्यात, असे निर्देश दिले. आणि ज्यांची माणसे लसीनंतरच्या गुठळ्यांनी गेली अशा पालकांच्या याचिकेत केंद्राने नोव्हेंबर २०२२मध्ये लस ऐच्छिक होती, त्यामुळे भरपाईची जबाबदारी आपल्यावर येत नाही, अशी भूमिका घेतली. ब्रिटनमध्ये अशा मृत्यूसाठी किंवा गंभीर अपंगत्वासाठी १ लाख २० हजार पौंड देण्याची योजना आहे. लाखात एखाद्याच घराने सर्वांच्या वतीने सोसलेले नुकसान त्या घराने एकट्याने भरावे, ही भूमिका मला अन्यायाची वाटते.

ज्यांनी हा मजकूर वाचून डी-डायमर ही गुठळ्यांची खूण शोधणारी रक्ततपासणी करून घेतली किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू केल्या, त्यांच्यासाठी एवढेच: काही वर्षांपूर्वीच्या डोसचा टीटीएस आज त्या तपासणीत सापडणार नाही, आणि डी-डायमर तर साध्या संसर्गानेही वाढलेले दिसते. गरज नसताना घेतलेल्या त्या गोळ्यांनी जठरात किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. त्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या नसतील तर त्यांना दाखवून थांबवाव्यात, आणि हृदयविकारासाठी लिहून दिलेल्या असतील तर असला मजकूर वाचून स्वतःहून बंदही करू नयेत.