‘दंड भरला, विषय संपला’ असं सांगणाऱ्या मेसेजबद्दल

गटारी जवळ आली किंवा डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला, की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये सापडलात तर घाबरू नका, ही माहिती सेव्ह करा’ अशी त्याची सुरुवात. पुढचा मजकूर थोडक्यात असा: ही साधी ट्रॅफिकची केस असते, दंड भरला की विषय संपला. एफआयआर होत नाही, त्यामुळे रेकॉर्डही होत नाही. नोकरीच्या फॉर्मवर बिनधास्त ‘नाही’ लिहा. सात वर्षांनी सगळं आपोआप पुसलं जातं. व्हिसावाल्यांना तर कळायचा प्रश्नच नाही. खाली सही म्हणून ‘एका ज्येष्ठ वकिलांकडून’.

हे ज्येष्ठ वकील कोण, ते मेसेजात कधीच नसतं. मी ठाण्यात वकिली करतो, ज्येष्ठ वगैरे नाही. पण या मेसेजवर विसंबून फॉर्म भरलेली मुलं ऑफर लेटर अडकलं की माझ्यासारख्यांकडेच येतात, म्हणून मेसेजातला एकेक मुद्दा घेतो.

‘साधी ट्रॅफिकची केस, दंड भरला की विषय संपला.’

हेल्मेट नसल्याचं चलान मोबाइलवर येतं आणि मोबाइलवरच भरता येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये तडजोड शुल्क भरून मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांची यादी आहे, आणि दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम १८५ त्या यादीत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल निघालं की पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हे सगळं मॅजिस्ट्रेटसमोरच होतं.

कोर्टात काय घडतं ते सांगतो. पामबीच रोडवर किंवा घोडबंदरला नाकाबंदीत नळीत फुंकर मारलेली असते, मशीनमधून निघालेली आकड्याची चिठ्ठी कागदांना जोडलेली असते. पुकारा होतो. गुन्हा कबूल आहे का? मुलाला अकराला ऑफिस गाठायचं असतं, तो मान हलवतो. दंड सुनावला जातो, कधी जोडीला कोर्ट उठेपर्यंतची कैदही. दंड भरला की हातात पावती येते आणि मुलगा ती पाकिटात ठेवून निघतो. त्याच्या मते त्यानं चलान भरलेलं असतं. कोर्टाच्या कागदावर मात्र आरोपीला कलम १८५ खाली दोषी ठरवण्यात आल्याचा आदेश असतो. फौजदारी खटल्यातली दोषसिद्धी म्हणतात ती हीच.

कबूल करूच नका, असं माझं म्हणणं नाही. मशीनचा आकडा ११० असेल तर लढण्यात फारसा अर्थ नसतो. पण आपण काय कबूल करतोय, ते मान हलवण्याआधी माहीत असावं. ‘मागे बसलेल्याला काही होत नाही’ अशीही एक ओळ काही मेसेजांत असते. कलम १८८ मध्ये या गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्यालाही शिक्षा आहे, आणि ठाण्यात सहप्रवाशांवर त्याखाली कारवाई झालेली आहे.

‘एफआयआर नाही, म्हणजे रेकॉर्ड नाही.’

यात अर्धं खरं आहे आणि मेसेज त्याच जोरावर चालतो. नुसत्या नाकाबंदीत सापडलेल्यांचे खटले वाहतूक शाखा बऱ्याचदा एफआयआर न करता थेट कोर्टात पाठवते. पोलीस ठाण्यांचं रेकॉर्ड सीसीटीएनएस या संगणकीय जाळ्यात असतं. एफआयआरच नसेल तर चारित्र्य पडताळणीत हे प्रकरण दिसत नाही, असं होऊ शकतं. मग ‘माझ्या मित्राला पीसीसी (पोलिसांचं चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र) क्लिअर मिळालं’ ही गोष्ट ग्रुपभर होते.

पण गाडी कुठं घासली, कुणाला लागलं, की एफआयआर झालाच: भारतीय न्याय संहितेची कलमं २८१ आणि १२५, मृत्यू झाला तर १०६, आणि परिस्थिती गंभीर असेल तर सदोष मनुष्यवधाचं १०५. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली चिरडले गेले. गाडी चालवणाऱ्या ॲलिस्टर परेराच्या त्या खटल्यात सदोष मनुष्यवधाखालची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये कायम केली. तिथं चलानाची भाषा कुणी केली नाही.

शिवाय पडताळणी फक्त पोलीस करत नाहीत. ऐरोली, महापे, घणसोलीच्या आयटी पार्कांतल्या कंपन्या हे काम खासगी एजन्सींना देतात, आणि एजन्सी कोर्टांच्या नोंदी धुंडाळतात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडा, कोर्ट निवडा, नाव आणि वर्ष टाका, निकाली निघालेली प्रकरणंसुद्धा समोर येतात. तिथं एफआयआर होता की नव्हता, याला काही महत्त्व नाही. खटला नोंदला गेला की केस नंबर पडतो. याचा फटका कधी भलत्यालाच बसतो. नवी मुंबईत एखाद्या पाटलांचं नाव टाकून पाहा, त्याच नावाचे किती निघतात ते. मग आयुष्यात दारूला न शिवलेल्या पोराला वडिलांचं नाव आणि पत्ता दाखवून ‘तो मी नव्हेच’ हे सिद्ध करत बसावं लागतं.

लायसन्सचं वेगळंच. पोलीस ते ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवू शकतात आणि आरटीओ ते निलंबित करू शकतं. गाडी चालवणं हाच ज्याचा धंदा आहे, त्याला दंडापेक्षा हे जास्त जड जातं.

‘फॉर्मवर बिनधास्त नाही लिहा.’

अख्ख्या मेसेजात सगळ्यात घातक सल्ला हा आहे.

सरकारी नोकरीत निवड झाली की साक्षांकन नमुना, म्हणजे ॲटेस्टेशन फॉर्म, भरावा लागतो. केंद्र सरकारच्या नमुन्यात ‘तुमच्यावर गुन्हा आहे का’ असा एकच मोघम प्रश्न नसतो. कधी अटक झाली का? कधी खटला चालला का? कधी दोषी ठरलात का? न्यायालयानं कधी दंड केला का? आज एखादं प्रकरण प्रलंबित आहे का? प्रत्येकापुढं हो किंवा नाही. दंडाचा प्रश्न स्वतंत्र विचारलेला असतो, त्यामुळे ‘मला वाटलं नुसता दंड म्हणजे शिक्षा नव्हे’ ही सबब तिथं टिकत नाही. आणि माहिती खोटी निघाली तर नोकरी जाऊ शकते, हा इशारा त्याच नमुन्यावर ठळक छापलेला असतो.

अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं यावर सविस्तर लिहिलं आहे. त्याचा मथितार्थ असा: उमेदवारानं दिलेली माहिती खरी असली पाहिजे. प्रकरण किरकोळ असेल तर लपवलेलंही माफ करण्याची मुभा नोकरी देणाऱ्याला आहे, पण ती त्याची मुभा आहे, उमेदवाराचा हक्क नाही. उलट सगळं खरं सांगितलं तरी नोकरी द्यायचीच, असंही बंधन नाही. मात्र खरं सांगणाऱ्याचा विचार त्या पदाच्या जबाबदारीकडे आणि गुन्ह्याच्या स्वरूपाकडे पाहून होतो. लपवणाऱ्याच्या बाबतीत आधी प्रश्न येतो तो त्याच्या खरेपणाचा.

आता याच मेसेजचा जुळा भाऊ असलेला दुसरा मेसेज घ्या: ‘एकदा सापडलात की सरकारी नोकरी आणि पासपोर्ट कायमचा गेला.’ तोही खोटाच. १९९६ मध्येच पवन कुमार विरुद्ध हरियाणा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं किरकोळ दंडाच्या शिक्षांमुळे लोकांच्या नोकऱ्या जाऊ नयेत, यासाठी संसदेनं कायदा करावा असं सुचवलं होतं. पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ नुसार जुन्या शिक्षेवरून पासपोर्ट नाकारायचा, तर गुन्हा नैतिक अधःपतनाचा हवा, शिक्षा किमान दोन वर्षांची हवी आणि ती अर्जाआधीच्या पाच वर्षांत झालेली हवी. पहिल्या वेळी दंडावर सुटलेला त्यात बसत नाही. अडचण येते ती खटला अजून चालू असेल तेव्हा. प्रलंबित फौजदारी प्रकरण हे पासपोर्ट नाकारण्याचं कारण ठरतं, आणि १९९३ च्या अधिसूचनेनुसार त्याच कोर्टाची परवानगी आणावी लागते. हे लपवून अर्ज केला तर त्याचा वेगळा गुन्हा होतो, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे जिथं १०,००० च्या दंडावर भागलं असतं, तिथं माणूस आपल्या हातानं मोठं प्रकरण ओढवून घेतो.

पद कोणतं, याला मात्र खरंच महत्त्व असतं. उत्तर प्रदेशात पीएसी या राज्याच्या सशस्त्र पोलीस दलाच्या जवानांना नेणारा ट्रक दारू पिऊन चालवणाऱ्या चालकाच्या प्रकरणात, अपघात किरकोळ होता म्हणून सौम्यपणा दाखवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलं. अकाउंट्समधल्या कारकुनाची आणि बसचालकाची नोंद एकाच तागडीत तोलली जाणार नाही, आणि जाऊही नये.

खासगी कंपनीतही गोष्ट फार वेगळी नाही. ऑफर लेटरमध्ये, माहिती खोटी आढळल्यास नियुक्ती रद्द, अशा अर्थाचं कलम बहुधा असतंच. रुजू झाल्यावर तीन महिन्यांनी अहवाल आला आणि त्यात कोर्टाची नोंद निघाली, तर एचआर विचारतं ते ‘प्यायलास का’ हे नव्हे, ‘सांगितलं का नाहीस’ हे.

‘सात वर्षांनी आपोआप पुसलं जातं.’

हा सात आकडा बहुधा अमेरिकेतून आला असावा. तिथल्या संघीय कायद्यानुसार पार्श्वभूमी तपासणाऱ्या एजन्सींना, दोषसिद्धी न झालेल्या अटकेची नोंद साधारणपणे सात वर्षांनंतर अहवालात देता येत नाही. दोषसिद्धीला मात्र ती मर्यादा नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी तिलाही सात वर्षांची हद्द घातली आहे. यातलं काहीही ठाण्याच्या कोर्टाला लागू होत नाही.

आपल्याकडे सात वर्षं सापडतात ती भलत्या ठिकाणी. ॲपवरच्या टॅक्सी कंपन्यांसाठी केंद्रानं २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, गेल्या सात वर्षांत नशेत गाडी चालवल्याबद्दल दोषी ठरलेल्याला चालक म्हणून घेऊ नये, असं होतं. ती नोकरीसाठीची अट झाली, नोंद पुसण्याची मुदत नव्हे. सज्ञान माणसाची दोषसिद्धी ठरावीक वर्षांनी आपोआप पुसणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. आहे ते इतकंच: कोर्टानं प्रोबेशनवर, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर, सोडलं तर १९५८ च्या परिविक्षा कायद्याच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीला चिकटलेली अपात्रता लागत नाही. ते कोर्टाकडे मागावं लागतं, घाईघाईत ‘कबूल’ म्हणून निघून गेल्यावर मिळत नाही.

‘परदेशात काय कळतंय!’

अमेरिकेच्या व्हिसा अर्जात कधीही अटक किंवा दोषसिद्धी झाली आहे का, हे विचारतात, माफी मिळाली असली तरी सांगा म्हणतात. गेल्या पाच वर्षांत नशेत गाडी चालवल्याबद्दल अटक झाली असेल तर दिलेला व्हिसाही रद्द होऊ शकतो. कॅनडानं डिसेंबर २०१८ पासून हा गुन्हा गंभीर वर्गात टाकला. तिथले अधिकारी आपल्याकडच्या गुन्ह्याची त्यांच्या कायद्याशी तुलना करतात. त्यांची मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे, आपली ३०. त्यामुळे मशीनची चिठ्ठी ४५ दाखवते की १४०, यावर तिथं बरंच काही ठरू शकतं. ती चिठ्ठी जपून ठेवा, इतकं मी प्रत्येक अशिलाला सांगतो.

तर फॉर्मवर लिहायचं काय? दोन ओळी पुरतात: तारीख, कोर्ट, केस नंबर, कलम १८५, किती दंड झाला आणि कधी भरला. सोबत आदेशाची प्रमाणित प्रत जोडायची. ही प्रत कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज केला की मिळते, आणि ती दंड भरला त्याच आठवड्यात काढलेली बरी. छोट्या खटल्यांचे कागद काही वर्षांनी नियमानुसार नष्ट केले जातात. ऑनलाइन नोंद तेवढी दिसत राहिली आणि आदेशच हाताशी नसला, तर प्रकरण किती लहान होतं हे दाखवायला तुमच्याकडे कागद उरत नाही.