चौऱ्याहत्तरचं मॉडेल

आमच्या घरात १९७४ साली दोन नग आले. मार्चमध्ये मी आणि दिवाळीत प्रीमियर पद्मिनी. माझ्यासाठी घरच्यांना नऊ महिने थांबावं लागलं, तिच्यासाठी सात वर्षं. आजोबांनी गाडीचा नंबर लावला तेव्हा बाबांचं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं. तेव्हा लाड कोणाचे झाले हे वेगळं सांगायला नको. माझ्या बारशाचा एकही फोटो घरात नाही. गाडीच्या पूजेचे अकरा आहेत, आणि त्यातल्या एकात बॉनेटवर मी बसलेला आहे. माझ्याखाली टॉवेल आहे. पॉलिश खराब होऊ नये म्हणून.

आम्ही तिला फियाटच म्हणतो, मूळ गाडी त्या कंपनीचीच. तशी तिच्या घराण्यात बारशी फार झाली. आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी. पण इंदूरच्या लोकमान्य नगरात अजून कोणीही 'तुमची पद्मिनी कशी आहे' असं विचारत नाही. तसं विचारलेलं आईला चाललंही नसतं.

तर दर रविवारी सकाळी बाबा (वय ८२), गाडी (५२) आणि मी (५२, पण हे कोणाच्या लक्षात नसतं) राजवाड्याकडे पोहे-जिलेबी खायला जातो. जाताना आम्ही तिच्यात बसतो. येताना बहुतेक वेळा ती आमच्यात असते. म्हणजे मी मागून ढकलत असतो. उन्हाळ्यात इंजिन तापलं की पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी जिथे असेल तिथे ठिय्या देते. मग पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि वाट बघायची. मला ताप आला तेव्हा माझ्या कपाळावर कोणी इतक्या मायेने पट्टी ठेवल्याचं आठवत नाही.

प्रत्येक चौकात एक तरी पोरगं बाइक थांबवून विचारतंच, "अंकल, कौन से साल की है?"

"चौऱ्याहत्तर!"

"लगती नहीं, भिया!"

बाबा फुलून जातात. बॉनेटला टेकून धापा टाकणाऱ्या दुसऱ्या चौऱ्याहत्तरच्या मॉडेलकडे कोणी बघतही नाही.

बाबांचा सिद्धांत असा, की माणूस काय आणि गाडी काय, उभी राहिली की संपली. त्यात तथ्य आहे. सहा महिने गाडी नुसती ठेवा. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा चिकटा बसतो, रबरी सील वाळतात, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात आणि बॅटरी राम म्हणते. बाकी इंदुरात समुद्राची खारी हवा नाही, त्यामुळे मुंबईच्या गाड्यांसारखा पत्र्याला गंज लागत नाही. पेट्रोलमध्ये मात्र आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबरी नळ्या खातं. बाबांना याचा मनस्वी संताप आहे. "जन्मभर मी थेंबाला शिवलो नाही, आणि म्हातारपणी हिला पाजून राहिले आहेत!"

३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळीपिवळी पद्मिनी निवृत्त झाली. त्या आठवड्यात बाबांनी जिलेबी खाल्ली नाही. विचारलं तर म्हणाले, "सुतक आहे."

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात माणसाचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. बाबा जन्मले १९४४ ला, म्हणजे पन्नास वर्षं ते वॉरंटीबाहेर चालत आहेत. एकदा गाडीत बसून फडकं वाळायची वाट बघताना मी हिशोब केला. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर बाबांचं हृदय आजवर तीनशे कोटी वेळा धडधडलंय. गाडी पावणेतीन लाख किलोमीटर फिरली, तिच्या इंजिनाच्या फेऱ्या कशाबशा शंभर कोटी भरतात. तेवढ्यात तिचं दोनदा बोअर झालं, रिंग-पिस्टन बदलले. बाबांचं एकदाही ऑइल बदललेलं नाही, उलट वरून शेव आणि जिरावण मसाला पडत आलाय. मी हे कौतुकानं सांगितलं, तर ते म्हणाले, "मला कोणी ढकललं नाही ना तुझ्यासारखं. हिला ढकललं म्हणून बोअर करावं लागलं."

गाड्या माणसांना मागे टाकतात याचं इंदूरला पहिल्यापासून माहीत असलेलं उदाहरण म्हणजे महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे). १९३०च्या दशकात त्यांनी डूसेनबर्ग ही अमेरिकन गाडी मागवली, तिला लंडनमध्ये बॉडी बसवली. सुपरचार्जरसकट ३२० हॉर्सपॉवर! गाडी बनवणारी कंपनी १९३७ ला बंद पडली, महाराज १९६१ ला वयाच्या ५३व्या वर्षी गेले, आणि गाडी नव्वदीच्या घरात अमेरिकेत मजेत आहे. तिकडेच अर्व्ह गॉर्डन नावाच्या शिक्षकाने १९६६ ला घेतलेल्या एकाच व्होल्व्होतून तीस लाखांवर मैल कापले. २०१८ ला तोही गेला, गाडी उरली. अपवाद एकच सापडला. फ्रान्सच्या जान काल्माँ बाई १२२ वर्षं जगल्या. कार्ल बेंझने १८८६ ला मोटारीचं पेटंट घेतलं तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. मोटार ही जमातच त्यांच्यापुढे पोर. बाबांना हे सांगितलं, तर त्यांनी फक्त विचारलं, "बाई कुठली गाडी चालवायची?"

कायद्याने पन्नाशी ओलांडलेली, मूळ रूपातली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. २०२१ पासून तसा नियम आहे, वीस हजार फी, नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं. मी हौसेने बाबांना सुचवलं. त्यांनी सगळा नियम चष्मा लावून वाचला आणि नेमकं वाक्य पकडलं: अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. "म्हणजे हार घालून भिंतीला लावायची!" ते म्हणाले. विषय संपला. त्यापेक्षा दर पाच वर्षांनी तिची तपासणी आणि नोंदणीचं नूतनीकरण परवडलं, वीस वर्षांवरच्या गाडीला आता त्याचे दहा हजार पडतात तरी. बाबांना पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. गाडीला पाच वर्षांतून एकदा. हा भेदभाव त्यांना खुपत नाही, अभिमान वाटतो.

घरात एक प्रश्न कोणी मोठ्यानं विचारत नाही. आधी कोण? बाबा गेले तर आम्ही गाडी विकू असा त्यांना संशय आहे. गाडी गेली तर बाबांचं काय, असा आम्हाला. म्हणून दोन्ही बाजूंनी ग्रीसिंग चालू असतं. आई बाबांना गोळ्या देते, बाबा गाडीला ऑइल. आणि ज्याच्या भरवशावर हा सगळा दीर्घायुष्याचा कारभार चालला होता, तो मधला पार्ट, मी, मे महिन्यात शास्त्री ब्रिजच्या चढावर मोडलो. 'कट्ट' असा आवाज झाला. बाबा खिडकीतून डोकं काढून ओरडले, "किंगपिन गेली का रे?"

किंगपिन ठणठणीत होती. माझ्या कमरेची गादी सरकली होती.

एमआरआयची फिल्म बाबांनी दवाखान्याच्या खिडकीपाशी उजेडात धरली आणि आमचे मिस्त्री उस्ताद बघतात तशी मान तिरकी करून पाहिली. "एल-फोर, एल-फाइव्ह. झीज आहे," म्हणाले. मग डॉक्टरांना, "याचा पार्ट मिळतो का?"

"नाही हो काका, हाच जपून वापरायचा."

"बघ. फियाटचा अजून मिळतो."

सहा आठवडे वाकायचं नाही, उचलायचं नाही, ढकलायचं तर मुळीच नाही. कमरेला पट्टा. बाहेर आलो, गाडीत बसलो. बाबांनी चोक ओढला, सेल्फ मारला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिनं फक्त उसासा टाकला.

बाबा बराच वेळ स्टेअरिंगवर हात ठेवून बसले. मग दार उघडून खाली उतरले.

"सरक इकडे," ते म्हणाले.

बावन्न वर्षांत त्या सीटवर मी पहिल्यांदा बसत होतो. पोह्याच्या ठेल्यावरची तीन पोरं बाबांनी तोवर हाताशी धरली होती. धोतराचा काचा मारून ते स्वतः मधोमध उभे राहिले.

"सेकंडला टाक! क्लच दाबून धर! मी सांगेन तेव्हाच सोडायचा!" आरशात ते दिसत होते, लालबुंद, पोरांच्या पुढे दोन पावलं. गाडी हलली. "आता!"

मी सोडला. लवकर सोडला. गाडीने गचका खाल्ला आणि थांबली.

मागून बाबांचा आवाज आला, "लडका नया है, थोडा टाइम लगेगा।"