व्हायवाला या, आणि प्रश्न विचारा

पीएच.डी.चा व्हायवा, म्हणजे प्रबंधावरची शेवटची तोंडी परीक्षा, हा बंद दाराआडचा कार्यक्रम नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमावलीनुसार तो जाहीर असतो. विभागातले शिक्षक, इतर संशोधक, विद्यार्थी यांना तो खुला असतो. आधीच्या २०१६ च्या नियमावलीतही तो खुलाच होता. तरी आपल्याकडे इंजिनीअरिंगच्या व्हायवाला सादरीकरण संपून अध्यक्षांनी "कोणाला काही विचारायचंय का?" म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात. एखादा ज्येष्ठ प्राध्यापक "फार छान काम झालंय" म्हणतो, आणि लगेच शाल, पुष्पगुच्छ, फोटो. गाईड म्हणून आणि श्रोता म्हणून हे इतक्यांदा पाहिलंय की आज जरा सविस्तर लिहितेय.

आधी एक सांगते. व्हायवाला आई-वडील, नवरा-बायको, मुलं येतात त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. यावंच त्यांनी. ज्या घरात आजवर कोणी बारावीच्या पुढे गेलं नाही, त्या घरातली मुलगी 'डॉक्टर' होते तेव्हा पेढे वाटलेच पाहिजेत. माझं म्हणणं त्याआधीच्या तासाभराबद्दल आहे.

तिथवर पोचायला उमेदवाराने बरंच काही पार केलेलं असतं. प्रवेश परीक्षा, किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क, दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगतीचं सादरीकरण, सिनॉप्सिस म्हणजे प्रबंधाचा सारांश, प्रबंध देण्याआधीचं प्री-सबमिशन सादरीकरण. मग प्रबंध बाहेरच्या किमान दोन परीक्षकांकडे जातो आणि त्यांचे अहवाल अनुकूल आले तरच व्हायवा लागतो. त्यामुळे "रिपोर्ट आलेत ना, आता नुसती फॉर्मॅलिटी" हे वाक्य प्रत्येक विभागात ऐकू येतं. मला ते अजिबात पटत नाही. परीक्षकाने घरी बसून वाचलेला असतो प्रबंध. ज्याने तो लिहिला त्याला ते काम किती उमगलंय, हे समोरासमोर बसल्याशिवाय कळत नाही.

आणि आज तर ते कळण्याची दुसरी जागाच उरलेली नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनी प्रबंधाचं इतरांच्या लिखाणाशी साम्य दहा टक्क्यांच्या आत हवं असं ठरवलं. चांगलं झालं. पण हे साम्य मोजणारं सॉफ्टवेअर शब्द तपासतं. मशिनवर प्रयोग खरंच झाला का, रीडिंग कोणी घेतली, हे त्याला कुठून कळणार? शोधनिबंध छापलेलाच हवा ही देशपातळीवरची अट २०२२ मध्ये गेली. पैसे भरून छापणाऱ्या जर्नलांनी जो बाजार मांडला होता तो पाहता मला त्याचं दुःख नाही. दर्जेदार जर्नलांची यूजीसी-केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली. त्यात आता एआयला सांगितलं की साहित्य-समीक्षेचं अख्खं प्रकरण तासाभरात तयार होतं. मग हा माणूस आपल्या कामाचा धनी आहे की नाही, हे ठरणार कुठे? व्हायवातच.

खरा व्हायवा कसा असतो ते मी एका संशोधन केंद्रात पाहिलंय. विषय होता जिओपॉलिमर काँक्रीट, म्हणजे सिमेंटऐवजी औष्णिक वीज केंद्राची राख घ्यायची आणि ती सोडियम हायड्रॉक्साइड-सोडियम सिलिकेटच्या द्रावणाने बांधायची. कोराडी, चंद्रपूर, परळी अशा ठिकाणी या राखेचे डोंगर साठतात, त्यामुळे विषय आपल्या राज्याच्या जिव्हाळ्याचा. चाचणीसाठी केलेले उमेदवाराचे काँक्रीटचे ठोकळे दणदणीत ताकद दाखवत होते, आणि शेवटच्या स्लाइडवर निष्कर्ष होता: ग्रामीण रस्त्यांसाठी उपयुक्त. मागच्या रांगेतली एम.टेक.ची मुलगी उठली. "सर, हे ठोकळे तुम्ही २४ तास ६० अंशांवर ओव्हनमध्ये ठेवलेत. गावातल्या रस्त्याला ओव्हन कुठून आणायचा?"

हॉलमध्ये चुळबुळ झाली. गाईडच्या कपाळावर आठ्या आल्या. उमेदवार मात्र क्षणभर थांबून सरळ म्हणाला, "मॅडम, साध्या तापमानालाही ठोकळे केले होते. २८ दिवसांची ताकद बरीच कमी आली, म्हणून ते परिशिष्टात टाकले." एक्सटर्नल सरांनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, लगेच परिशिष्ट उघडायला लावलं. मग जी चर्चा रंगली! पोलाद कारखान्यातली स्लॅग मिसळली तर उष्णता न देताही ताकद वाढते, ती किती मिसळायची, मग मिश्रण फार लवकर आवळतं त्याचं काय करायचं. उमेदवाराला हे सगळं येत होतं. नुसतं येत नव्हतं, त्यावर बोलायला तो आसुसलेला होता, इतकी वर्षं कोणी त्याला विचारलंच नव्हतं. शेवटी निष्कर्ष बदलायचं ठरलं: कारखान्यात तापवून करता येणाऱ्या पेव्हर ब्लॉकसारख्या वस्तूंसाठी उपयुक्त. प्रबंध आधीपेक्षा खरा झाला, आणि तो त्या मुलीच्या प्रश्नामुळे.

असे प्रश्न येत नाहीत, कारण श्रोत्यांनी प्रबंध पाहिलेलाच नसतो. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या देशपातळीवरच्या ऑनलाइन संग्रहात, तो येतो तो व्हायवा होऊन गेल्यावर. स्वीडनमध्ये जाहीर व्हायवाच्या साधारण तीन आठवडे आधी प्रबंध सर्वांसाठी खुला होतो. पूर्वी तो खरोखर खिळ्याने भिंतीवर ठोकत, काही ठिकाणी ती रीत अजून पाळतात. शिवाय विद्यापीठ एक बाहेरचा 'विरोधक' नेमतं. सगळ्यांदेखत कामाची चिरफाड करणं हेच त्याचं काम, आणि तो ते आदराने करतो. आपल्याला खिळे ठोकायची गरज नाही. सूचना निघेल त्याच दिवशी एक प्रत ग्रंथालयात आणि पीडीएफ विभागाच्या संकेतस्थळावर ठेवली तरी पुष्कळ आहे. पेटंटचा प्रश्न असेल तर तेवढा भाग झाका.

दुसरी गोष्ट, मूळ नोंदी टेबलावर हव्यात. तक्त्यात दिसते ती तीन ठोकळ्यांची सरासरी. त्या तीनपैकी एखादा आकडा सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त लांब असेल, तर भारतीय मानकानुसार तो नमुनाच ग्राह्य धरत नाहीत. हे सरासरीत दिसत नाही, लॅबच्या रजिस्टरमध्ये दिसतं. ते रजिस्टर व्हायवाला मागवलेलं मी क्वचितच पाहिलंय.

एक्सटर्नलची गाडी, हॉटेल, जेवण हे अनेक ठिकाणी उमेदवाराच्या गळ्यात पडतं. हे ताबडतोब थांबलं पाहिजे. ज्याच्याकडून पाहुणचार घेतला त्याला कठीण प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, आणि उमेदवाराचीही यात विटंबना होते. तो खर्च विद्यापीठाचा आहे.

प्रश्न विचारणं म्हणजे पाणउतारा करणं असं समजणारेही काही परीक्षक आहेत. आमच्याकडचे बरेच उमेदवार खाजगी इंजिनीअरिंग कॉलेजांत शिकवतात. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) निकषांत असोसिएट प्रोफेसर व्हायला पीएच.डी. लागते, म्हणून लेक्चर, प्रॅक्टिकल, एनबीएच्या मानांकनाच्या फायली आणि उन्हाळ्यातल्या ॲडमिशनच्या धावपळीतून वेळ काढून ते हे काम करतात. त्यांना "एवढंही येत नाही?" म्हणणाऱ्याला परीक्षक म्हणून पुन्हा बोलावू नये. आणि इंग्रजीत अडखळणाऱ्याला मराठीत उत्तर देऊ द्यावं. माझ्या एका विद्यार्थ्याला 'क्रॅक प्रोपगेशन'वर, म्हणजे तडा कसा पसरतो यावर, इंग्रजीत दोन वाक्यं जुळवताना घाम फुटला होता. "मराठीत सांग" म्हटल्यावर तो खडू घेऊन फळ्यापाशी गेला आणि तुळईला तडा कुठून सुरू होतो, सळईपाशी का अडतो, हे त्याने असं समजावलं की त्याच्या आईलाही कळलं.

आमच्या केंद्रात पुढच्या महिन्यात एका विद्यार्थिनीचा व्हायवा आहे. प्रबंधाची प्रत आजपासून ग्रंथालयात ठेवली आहे, चाचण्यांचं रजिस्टरही तिथेच आहे. तिची संमती घेऊनच हे केलंय, किंबहुना रजिस्टर ठेवायची कल्पना तिचीच. आमचे एम.टेक.चे विद्यार्थी, इतर केंद्रांतले संशोधक, शिक्षक, ज्यांना जमेल त्यांनी या. चौथं प्रकरण तरी वाचून या. तारीख नक्की झाली की इथेच टाकते.