पाकिटातला पॉपकॉर्न आणि फुफ्फुसं: खुलासा

"मायक्रोवेव्हचा पॉपकॉर्न खाल्ल्याने फुफ्फुसं कायमची निकामी होतात, मुलांना देऊ नका" असा मेसेज सध्या कुटुंबांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यामागे एक खरी घटना आहे, पण अर्धवट सांगितलेली.

2000 साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांना फुफ्फुसाचा गंभीर आजार झाल्याचं समोर आलं. तिथल्या सरकारी संस्थेने तपास केला. लोण्याचा वास देणाऱ्या डायअ‍ॅसिटिल या रसायनाच्या वाफा हे कामगार रोज, तासन्‌तास श्वासावाटे घेत होते. म्हणजे धोका होता तो वाफेचा, खाण्याचा नव्हे. आणि 2007 च्या सुमारास तिथल्या मोठ्या कंपन्यांनी हे रसायन वापरणं थांबवलं.

मग पाकीट निर्धास्त फोडायचं? तसंही नाही. मका चांगलाच: अख्खं धान्य, तंतुमय. घोळ होतो तो वरून घातलेल्या पामतेलाने आणि मिठाने. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सांगते. पाकिटामागचा सोडियमचा आकडा याच्याशी ताडून बघा. तो 100 ग्रॅमचा आहे की एका वाढणीचा, तेही. "कोलेस्टेरॉल शून्य" वाचून हुरळू नका, मक्यात ते नसतंच. (घरी कुकरमध्ये चमचाभर तेलात दाणे फोडले तर हा हिशेबच नको.)

फुफ्फुसांचा तो मेसेज मात्र कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासाही पाठवा.